सुईने बोटं टोचून पक्षाघात उतरत नाही

वर्षानुवर्षं फिरणारा एक संदेश आहे. त्याचा मजकूर साधारण असा: पक्षाघाताचा झटका आला की रुग्णाला जागचं हलवू नका, नाहीतर मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. ज्योतीवर धरलेल्या सुईने दहाही बोटांची टोकं टोचा, रक्ताचा थेंब आला की काही मिनिटांत शुद्ध येईल. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा आणि दोन्ही पाळ्या टोचा. सगळं पूर्ववत झालं की मगच दवाखान्यात न्या. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, म्हणून तर हा संदेश इतका टिकलाय.

‘केशवाहिन्या फुटतात.’ पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांच्या मेंदूत काहीच फुटलेलं नसतं. गुठळी अडकून धमनी बंद झालेली असते. उरलेल्यांत रक्तस्राव होतो खरा, पण तो बहुधा उच्च रक्तदाबाने खराब झालेल्या बारीक धमन्यांतून किंवा धमनीला आलेल्या फुग्यातून. गुठळी की रक्तस्राव, हे बाहेरून बघून भल्याभल्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. म्हणूनच घरच्या घरी रक्त पातळ करणारी अॅस्पिरिन देणंही धोक्याचं.

‘बोटातून रक्त काढलं की मेंदूवरचा ताण उतरतो.’ रक्त कुठल्या वाटेने जातं ते बघू. मानेतून चार धमन्या वर जातात, पुढून दोन कॅरोटिड आणि मणक्यांतल्या भोकांतून दोन व्हर्टिब्रल. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा जुळून एक कडं तयार होतं. टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. एक वाट बंद पडली तर दुसरीकडून रक्त यावं, अशी ही सोय. पण पुष्कळ लोकांत हे कडं अपुरं असतं आणि गुठळी कड्याच्या पुढच्या फांदीत बसली तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. बोटाकडे येणारं रक्त मात्र काखेतून, दंडातून, मनगटाजवळच्या दोन धमन्यांतून येतं. दहा बोटांचे दहा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा मिलिलिटर. शरीरात रक्त असतं ५ लिटरच्या आसपास. दहा हजारातला एक भाग काढून कुठला दाब उतरणार? उलट दुखलं की रक्तदाब चढतो.

‘कान ओढले, पाळ्या टोचल्या की तोंड सरळ होतं.’ कान ओढल्याने कान लाल होतो, एवढं मात्र खरं.

चेहऱ्याचे स्नायू हलवते ती मेंदूच्या १२ जोड्यांपैकी सातवी नस, फेशियल नर्व्ह. ती कानाच्या खालच्या-मागच्या बाजूला कवटीबाहेर पडते आणि कपाळ, पापणी, गाल, ओठ अशी पसरत जाते. ती कानाजवळून जाते म्हणून कदाचित कुणाला ही कल्पना सुचली असेल. पण पाळीला टोचल्यावर जी कळ जाते ती मानेतल्या मज्जारज्जूकडे, ती नस या बारा जोड्यांतली नव्हेच. शिवाय पक्षाघातात बहुधा सातवी नस शाबूत असते, तिला वरून येणारा हुकूम थांबलेला असतो. कपाळाला हा हुकूम मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून मिळतो. म्हणून पक्षाघातात ओठाचा कोपरा लोंबतो, पण भुवया उचलायला सांगितलं तर कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात. नसच सुजली, म्हणजे बेल्स पाल्सी झाली, तर त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं आणि डोळाही नीट मिटत नाही. मात्र यावरून घरी निदान करत बसू नका. मेंदूच्या देठातल्या पक्षाघातातही कपाळ सपाट पडू शकतं.

आता यातलं सगळ्यात घातक वाक्य: ‘सगळं पूर्ववत झालं की मगच न्या.’ सुईने फार तर बोटं दुखतील, या वाक्याने माणूस कायमचा अपंग होऊ शकतो. मोठी धमनी बंद पडली असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या मुदतीतही जितकं लवकर तितकं बरं. नळी घालून गुठळी ओढून काढण्याला काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत वाव असतो, पण तो स्कॅन पाहून ठरतो.

मग ‘आमच्या शेजारी बरे झाले’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. काही झटके आपोआप ओसरतात, बरेचदा तासाभराच्या आत. गुठळी सरकते किंवा विरघळते, रक्त पुन्हा सुरू होतं. तेवढ्यात कुणी सुई टोचली असेल तर श्रेय सुईला. पण असा झटका म्हणजे पूर्वसूचना असते, आणि मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबायची हीच सगळ्यात वाईट वेळ.

‘हलवू नका’मध्ये अर्धं तथ्य आहे: रुग्णाला चालवू नये. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवावं. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नये, कारण गिळण्याच्या स्नायूंवरचा ताबा गेलेला असू शकतो आणि घोट थेट श्वासनलिकेत जातो. रुग्णवाहिका बोलवावी आणि वेळ टिपून ठेवावी. लक्षण कधी दिसलं ती नव्हे, तर माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती. सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं तर घड्याळ रात्री झोपल्यापासून मोजलं जातं.