एलसीवर 'मानसिक रुग्ण' लिहायचा रकाना कुठाय, तेवढं दाखवा

काल रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. ती भांडुपला राहते, साडेनऊला झोपणारी बाई, त्यामुळे मला वाटलं आईचंच काहीतरी झालं. तर म्हणे, "शाळेतून काउन्सेलिंगचा कागद आलाय गं, मी 'संमती नाही' लिहून परत देते. उगाच पोरीच्या एलसीवर काही आलं म्हणजे?" आता मी १९ वर्षं मुंबईतल्याच एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मीच लिहिते, आणि सख्ख्या बहिणीने एलसीबद्दल मला विचारायच्या आधी माहेरच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डवर विश्वास ठेवला. लागलंच मला ते. फोनवर अर्धा तास भांडून झालं, तरी पोट भरलं नाही म्हणून हे लिहितेय.

भाची नववीत आहे. दिवाळीपासून डबा भरलेला परत येतोय, गणिताच्या तासाला पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं, तिने शाळेच्या काउन्सेलरला सांगितलं आणि रीतसर पालकांची सही मागायला कागद पाठवला. इतकंच झालंय.

आणि तो मेसेज. "पालकांनो सावधान!! वेळीच जागे व्हा!!" वर लाल दिव्यांची रांग. थोडक्यात त्यात असं आहे की शाळेतल्या काउन्सेलरकडे मूल गेलं की एलसीवर आणि अपार आयडीवर (म्हणजे सरकारने विद्यार्थ्याला दिलेल्या ओळख क्रमांकावर) 'मानसिक रुग्ण' अशी नोंद होते, पुढे पासपोर्ट नाही, सरकारी नोकरी नाही. ते लोक मुलांना आत्महत्येबद्दल विचारतात आणि नसलेला विचार डोक्यात घालतात. आईबापांविरुद्ध भडकवतात. सगळं प्रिन्सिपलला सांगतात. शेवटी गोळ्या सुरू करतात. शिक्षक असताना हे कशाला, आमच्या वेळी होतं का, दोन रट्टे दिले की पोरं सरळ व्हायची. आणि हे परदेशी फॅड आहे, सरकारने कुठे सांगितलेलं नाही. पूर्ण मेसेजात 'काउन्सिलर' असं लिहिलंय, त्यामुळे आमच्या एका काकांना वाटलं की नगरसेवक शाळेत येऊन पोरांना आत्महत्येबद्दल विचारतोय. ते बिचारे खरंच हादरले होते.

एलसीचं आधी घेते, कारण ते माझ्या टेबलावरचं आहे. दाखल्यावर काय असतं, तर रजिस्टर नंबर, मुलाचं नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा कधी सोडली, का सोडली, आणि शेरा. प्रगतीत 'समाधानकारक', वर्तणुकीत 'चांगली'. १९ वर्षांत मी वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' सोडून दुसरं काही लिहिलेलं नाही, त्यात मुतारीच्या खिडकीची काच फोडून पळालेलेसुद्धा आले. हे सगळं जनरल रजिस्टरवरून उतरवायचं असतं, मनाचं काही घालता येत नाही. नावात एक काना चुकला असेल आणि तो दुरुस्त करायचा असेल तरी शिक्षण निरीक्षकांच्या ऑफिसची मंजुरी लागते, त्यासाठी पालक किती खेटे घालतात ते मी रोज बघते. तिथे आम्ही आपल्या मनाने 'मानसिक रुग्ण' लिहून टाकू? कुठल्या रकान्यात? अपारमध्ये मार्कशीट, सर्टिफिकेटं, क्रेडिट असलं शिक्षणाचं जातं. पासपोर्टच्या वेळी पोलीस पत्ता बघतात, गुन्हा आहे का बघतात. आठवीत तू कोणाकडे जाऊन रडलास हे हवालदार विचारत नाही.

यात एक अर्धवट खरं आहे आणि ते लपवत नाही. युडायसच्या, म्हणजे शाळांनी सरकारला भरून द्यायच्या, माहितीत विशेष गरजा असलेल्या मुलांची नोंद आम्ही भरतो. पण ती कधी, तर पालकांनी स्वतः सर्टिफिकेट आणून दिलं तर. म्हणजे वाचन-लेखनाची अडचण असेल, सायन-नायरसारख्या हॉस्पिटलात तपासणी करून एलडीचं सर्टिफिकेट आणलं, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात आणि त्यासाठीच ती नोंद लागते. तेव्हा हेच पालक ऑफिसात येऊन "मॅडम, नोंद केली ना नक्की?" असं दोनदा विचारून जातात. काउन्सेलरच्या खोलीत जाऊन बोलणं आणि हे, दोन्हीचा काही संबंध नाही.

आता तो आत्महत्येचा मुद्दा. बाकीचा मेसेज मूर्खपणाचा आहे, हा मात्र जिवावर बेतणारा आहे, आणि वाईट म्हणजे तो ऐकायला पटतो. मलाही पूर्वी पटायचा. पोराला असं थेट विचारायचं कसं, त्याच्या मनात नसलं तर? आमच्या शाळेत जी काउन्सेलर येते तिला मी हेच विचारलं होतं, तर तिने मला वाचायला दिलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ६ हायस्कुलांमध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन अभ्यास झाला, २००५ साली जामा या डॉक्टरांच्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आला. २,३४२ मुलं. त्यांचे दोन गट केले. एका गटाच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न घातले, दुसऱ्या गटाच्या प्रश्नावलीत ते नव्हते. मग लगेच आणि दोन दिवसांनी परत तपासलं. ज्यांना विचारलं होतं ती मुलं जास्त अस्वस्थ झाली नव्हती, त्यांच्यात तसे विचारही वाढले नव्हते. आणि जी मुलं आधीच डिप्रेशनमध्ये होती किंवा ज्यांनी आधी कधी प्रयत्न केला होता, म्हणजे ज्यांना विचारायला आपण सगळ्यात जास्त घाबरतो, ती न विचारलेल्यांपेक्षा कमी त्रासात दिसली. मी दोनदा वाचलं ते. विचारल्याने वाढलं नाही, उलट हलकं झालं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की याबद्दल बोलल्याने विचार डोक्यात जातो हा गैरसमज आहे.

आणि न विचारून आपण काय मिळवलंय? गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी एनसीआरबीचा २०२२ चा आकडा आहे, त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. सगळ्या राज्यांत आपला नंबर पहिला. त्या सगळ्यांना काउन्सेलरने जाऊन विचारलं होतं का? बहुतेकांना कोणी काहीच विचारलं नसेल, मार्क सोडून.

"आमच्या वेळी नव्हतं" म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो, ताई पण आणि मी पण. आमच्याच मजल्यावरची एक मुलगी दहावीच्या निकालानंतर दोन दिवसांनी गेली. मोठ्या माणसांनी सांगितलं, पोटात दुखत होतं. तिच्या आईनेही शेवटपर्यंत तेच सांगितलं. ताईला ती मुलगी चांगली आठवते, दोघी एका बाकावर बसायच्या. काल फोनवर मी तिचं नाव घेतलं तर ताई एकदम गप्प झाली. आमच्या वेळीही होतं, फक्त त्याला पोटदुखी म्हणायचे. रट्ट्यांचं म्हणाल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, तेव्हा ती हौस आता शाळेकडून होणार नाही.

गोळ्यांचं दोन ओळींत. काउन्सेलर गोळ्या लिहूच शकत नाही, तो अधिकार डॉक्टरचा. तिला गरज वाटली तर ती पालकांना बोलावून सायकियाट्रिस्टकडे जायला सुचवते, जायचं की नाही ते पालक ठरवतात. आईबापांविरुद्ध भडकवण्याबद्दल तर मी काय बोलू, नववीतल्या पोरांना त्यासाठी बाहेरून माणूस लागतो का?

प्रिन्सिपलला सगळं सांगतात, हा मुद्दा आला की मात्र मला जरा खाली बघावं लागतं. असं होतं. मी आधी ज्या शाळेत होते तिथे एका मुलीचं घरचं प्रकरण काउन्सेलरच्या खोलीतून स्टाफरूममध्ये आलं आणि मधल्या सुट्टीत चहाबरोबर चघळलं गेलं, ती मुलगी महिनाभर शाळेत आली नाही. चूक होती ती, सरळ चूक. शिवाय सहा महिन्यांचा कोर्स करून काउन्सेलरची पाटी लावणारेही खूप झालेत. तेव्हा पालकांनी विचारा ना, शिक्षण काय, सायकॉलॉजीत एमए आहे का, वह्या कुठे ठेवता, कोणाला काय सांगता. संमतीच्या कागदावर हे लिहून मागा. काही गोष्टी गुप्त ठेवता येत नाहीत हेही कळून घ्या. मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावंच लागतं, आणि लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्यालाच शिक्षा आहे. या सोडून बाकीचं तिथेच राहायला पाहिजे. आमच्याकडची काउन्सेलर आठवड्यातून दोन दिवस येते, वेगळी खोली नाही म्हणून प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत बसते, मागे सांगाडा, पुढे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मुलं माझ्या ऑफिसबाहेरच्या बाकावर थांबतात. परवा आठवीतला एक मुलगा अर्धा तास टायचं टोक चावत बसला होता. आत गेला, पाऊण तासाने बाहेर आला, माझ्याकडे पाणी मागितलं, दोन ग्लास पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, बोनाफाइड कधी मिळेल?" आत काय बोलला मला माहीत नाही, आणि मी क्लार्क असून मला ते माहीत नाही हेच बरं आहे.

शिक्षक करतील की हे, असं म्हणणाऱ्यांसाठी बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला अभ्यास आहे, ७४ शाळा, २०१८ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आला. मुलांच्या आरोग्याचा आणि शाळेतल्या वातावरणाचा एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी घेतला, काही शाळांत ट्रेनिंग दिलेल्या वेगळ्या माणसाने. फायदा वेगळ्या माणसाच्या शाळांत झाला. कारण सोपं आहे, जो पेपर तपासतो त्याच्यासमोर कोण रडणार.

परदेशी फॅड म्हणे! शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मार्गदर्शन हा शिक्षणाचा भाग धरा म्हणून सांगितलंय. मुंबईत महापालिका मार्गावर सरकारची व्यवसाय मार्गदर्शन संस्था कित्येक दशकं होती, मेसेज लिहिणाऱ्याचे वडील तिथे जाऊन टेस्ट देऊन आले असते. दहावीच्या मुलांची कलचाचणी २०१६ पासून काही वर्षं बोर्डानेच घेतली. आणि 'सरकारने कुठे सांगितलंय' याचं उत्तर तर त्याच्याही वरचं आहे. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या केसमध्ये, देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवाच, कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था हवी. मार्कांवरून चारचौघांत अपमान करायचा नाही, हेही त्यात आहे. आता किती शाळांनी पाळलं ते विचारू नका, आमच्या सांगाड्याच्या खोलीवरून अंदाज करा.

हे सगळं ताईला ऐकवताना मी तो मेसेज परत उघडला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. सगळ्यात खाली काय, तर "मुलांना काउन्सिलरकडे नेण्यापेक्षा बोटांच्या ठशांवरून त्यांची जन्मजात बुद्धी ओळखा, फी फक्त ३,५०० रुपये" आणि मोबाइल नंबर. म्हणजे एवढी रामायणं कशासाठी, तर दुकान! ही ठशांची टेस्ट शास्त्रीय नाही असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने स्पष्ट म्हटलेलं आहे. पण ते सोडा, साधा हिशोब करा. बोटांचे ठसे आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मभर तेच राहतात, मग त्या मशीनला डबा परत येतोय हे कसं कळणार?

काउन्सेलर नसलेल्या शाळेतल्या पालकांसाठी, आणि रात्री साडेदहाला बहिणीला फोन करणाऱ्यांसाठीही, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आज दुपारी ताईने त्या संमतीच्या कागदाचा फोटो पाठवला. 'संमती नाही' पांढऱ्या शाईने खोडलेलं दिसतंय, सही झालेली आहे. खाली मेसेज, "'पालकांचा अभिप्राय' असा रकाना आहे, त्यात काय लिहू गं?"

म्हटलं, "डबा परत येतो ते लिही."