ते सैतानवाले नाहीत आणि आपलेही नाहीत

जून संपत आला की कोल्हापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो. इंग्लंडातल्या स्टोनहेंज या प्राचीन स्मारकाचे दगड, उगवता सूर्य, पांढरे झगे घातलेली माणसं, ढोल. खाली मजकूर, की युरोप पुन्हा वैदिक धर्माकडे निघाला. लगेच आत्या लिहिते, "सैतानाची पूजा आहे ती, पोरांना तिकडं नेऊ नकोस." मग अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वाढलेला चुलतभाऊ : "एवढा पुढारलेला देश नि जादूटोणा करतोय व्हय मर्दा?" मी इंग्लंडच्या नैऋत्येला राहतो. हे पेगन लोक, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या युरोपातल्या देवदेवतांना आणि निसर्गाला मानणारे, इथं शेजारीपाजारी भेटतात, त्यांतल्या एक बाई माझ्याच ऑफिसात आहेत. तिघांचंही चुकतंय, पण प्रत्येकाचं वेगळ्या जागी.

आत्याचं लवकर उरकता येतं. सैतान हे ख्रिस्ती धर्मातलं पात्र. जे तो धर्मच मानत नाहीत ते त्यातल्या खलनायकाला कशाला पुजतील? विक्का नावाच्या त्यांच्या पंथात एक देवी असते आणि एक शिंगवाला देव. शिंगं पाहून लोकांना सैतान आठवला, आणि सिनेमावाल्यांना तेवढं पुरलं. कुणाला इजा न करता हवं ते करावं, हा त्यांचा मुख्य नियम. बळीबिळी काही नाही. पूजेच्या शेवटी केक आणि वाईन वाटतात. (वाईनचं मी आत्याला सांगितलेलं नाही.)

चुलतभावाशी वाद घालताना मी जरा जपून बोलतो. दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला, पानसरेंवर २०१५ मध्ये आमच्याच गावात गोळ्या झाडल्या. त्याचा राग आयता आलेला नाही. पण ज्या कायद्यासाठी दाभोलकर झिजले तो जादूटोणाविरोधी कायदा तरी काय म्हणतो? नरबळी, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावावर लुबाडणूक, असल्या कृत्यांना तो शिक्षा देतो. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा यांना त्यानं हात लावलेला नाही. तोच गज इथं लावला, तर पौर्णिमेच्या रात्री शेतात मेणबत्त्या लावून गोल उभ्या राहिलेल्या माणसांवर कुठलं कलम लागणार? ताईत आणि भविष्य विकणारे इथंही आहेत, त्यांना त्यानं खुशाल झोडपावं.

खरी गंमत त्या व्हिडिओखालच्या मजकुरात आहे. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी. ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित, त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी इतिहासात दिसतात. दगड आणि ड्रुइड यांची सांगड घातली ती सतराव्या-अठराव्या शतकातल्या हौशी पुराणवस्तू अभ्यासकांनी. आज तिथं जमणारे ड्रुइड आधुनिक आहेत, आणि २१ जूनच्या त्या गर्दीत बरेच जण नुसती मजा बघायला आलेले असतात. विक्का तर त्याहून अलीकडचा. जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा ब्रिटननं १९५१ मध्ये रद्द केला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी या पंथाची जाहीर ओळख करून देणारं पुस्तक काढलं. हा गृहस्थ मलायात कस्टम्सच्या नोकरीत होता. प्राचीन काळापासून गुपचूप चालत आलेला धर्म सापडला, असा त्यांचा दावा. रोनाल्ड हटन या इतिहासकारांनी तो तपासला आणि विक्काची घडण आधुनिक आहे हे दाखवून दिलं. पुष्कळ पेगनांनी ते मान्यही केलं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "नवा आहे तर आहे, मला उपयोगी पडतो." आपल्याकडे एखाद्या विधीला सत्तरच वर्षं झालीत असं पुराव्यानिशी सांगून बघा, काय होतं ते.

पुढच्या वर्षीच्या मजकुरासाठी मीच एक मसाला देतो. अंबाबाईचा किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, आणि पेगनांचा इम्बोल्क सण १ फेब्रुवारीच्या सुमारास. झालं, वैदिक मूळ सिद्ध! पण किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९ ते ११ लाही असतो. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या अलीकडे-पलीकडे साधारण तितक्याच दिवसांवर सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. म्हणून महाद्वारातून येणारी किरणं दोन्ही वेळा देवीपर्यंत पोचतात, वाटेतल्या इमारतींनी आणि धुरळ्यानं पोचू दिली तर. सूर्य सगळ्यांचाच आहे, त्याच्याकडे बघून कुणीही सण बसवावेत. त्यावरून नातं जुळवायचं तर पेरू देशातल्या सूर्यपूजक इंका लोकांनाही आपल्यात घ्यावं लागेल.

आणि नातं तुटतं ते नेमकं कोल्हापूरला जिव्हाळ्याच्या जागी. आमच्या गावाचे देवावरून झालेले मोठे वाद आठवा. वेदोक्त प्रकरणात प्रश्न होता, छत्रपतींसाठी कुठले मंत्र म्हणायचे. गाभाऱ्यात बाईनं जायचं का, हा दुसरा. २०१७ मध्ये देवीला घागरा-चोळी नेसवली म्हणून गाव पेटलं आणि २०१८ मध्ये पगारी पुजारी नेमण्याचा कायदा झाला. प्रत्येक वेळी भांडण हक्काचं : मान कुणाचा, हात कुणाचा लागणार. हा हक्क जन्मानं येतो. पेगनांत जन्मानं जवळपास काहीच येत नाही. बहुतेक जण मोठेपणी, आपल्या मर्जीनं आलेले असतात. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत अशा सुमारे ७४ हजारांनी आपला धर्म पेगन लिहिला, आणखी १३ हजारांनी विक्का. त्यांच्यावर ना पीठ, ना देवस्थान समिती. बायका पुरोहित असतात आणि त्यावर कुणी चर्चासुद्धा करत नाही.

हे मला आवडतं. पण जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचवलेल्या माणसाला ते फिकंही वाटतं, हेही खरं. पावसात चौदा माणसं छत्र्या धरून उभी, आणि त्यांतल्या दोघांना पार्किंगची काळजी.

तरी भांडणं नाहीत असं समजू नका. गार्डनरच्या परंपरेत दीक्षा घेतलेले लोक पुस्तकं वाचून एकट्यानं पूजा करणाऱ्यांना विक्कन मानायला तयार नसतात. त्यांची गुरुपरंपरा कुणाकडून कुणाकडे आली याचा हिशेब ठेवलेला असतो, आणि त्यावरून मंडळं फुटतात. उत्तर युरोपातल्या ओडिन, थॉर अशा जुन्या देवांना मानणाऱ्या पेगनांत तर काही जण रक्त आणि वंशाची भाषा बोलतात, आणि त्यांच्यातलेच इतर पुष्कळ जण त्यांना हाकलायला बघतात. हा वाद मात्र आमच्या ग्रुपला कुणी भाषांतर करून न देताही समजेल.