साडूभाऊंची साडेतीन हजारी

काल रात्री आमचे साडू निघताना माझीच एक वस्तू खिशात घालून गेले, आणि वर "राहू द्या हो, त्यात काय" असं मीच म्हणालो. अजून पोटात दुखतंय.

माझा लॅपटॉप दहा वर्षांचा. बटण दाबून आंघोळीला जायचं, अंग पुसत बाहेर यायचं, तेव्हा कुठे तो पासवर्ड विचारतो. दोष आतल्या हार्डडिस्कचा. मिनिटाला ५४०० फेरे मारणारी तबकडी, आणि प्रत्येक तुकडा शोधायला दहा-बारा मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ, पण विंडोज उठताना असे हजारो हेलपाटे पडतात. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, टाकायची, इथवर माझं मला कळलं होतं. कुठली, जुन्या डिस्कच्याच जोडणीवर बसणारी साधी साटा चालेल का, एवढंच साडूंना विचारलं.

"साटा?" साडू हसले. माझ्या लग्नातला सूट बघूनही ते असंच हसले होते. "अहो, साटा म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेपाचशे एमबी. एनव्हीएमई घ्या. साडेतीन हजार!"

"जुन्या लॅपटॉपला चालेल?"

"चालेल? पळेल!"

"ती पट्टी खोचायला मदरबोर्डवर एम-टू स्लॉट लागतो म्हणे."

"असतोच."

"आधी उघडून बघू का?"

"बघा. माझ्यावर भरवसा नसेल तर बघा."

सासरच्या माणसानं हे वाक्य उच्चारल्यावर स्क्रू ड्रायव्हर उचलायची कोणाची छाती आहे? स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही त्याच क्षणी थांबला होता. मी मुकाट्यानं ऑर्डर दिली.

अकरा स्क्रू काढले. त्यातला एक नुसताच गोल फिरत होता, त्यानं अर्धा तास खाल्ला. झाकण "कट्" म्हणून निघालं. आत अडीच इंची डिस्क, पंखा, दशकभराची धूळ. स्लॉट नाही. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब अशी ती पट्टी हातात घेऊन मी, भाड्याची खोली शोधणाऱ्यासारखा, मदरबोर्डभर फिरलो. शेवटी साडूंना व्हिडिओ कॉल.

"फोन जरा खाली घ्या. ते हिरवं काय आहे?"

"मदरबोर्ड."

"हां. तोच प्रॉब्लेम आहे."

मी गप्प.

"ते छोटं कार्ड काढून तिथं बसवा की."

"ते वायफायचं आहे."

"मग केबल लावा!"

हा माणूस माउसचा सेल संपला की ऑफिसातल्या पोराला हाक मारतो.

पण खरा राग त्या नावांचा. एम-टू हा नुसता आकार, एनव्हीएमई ही बोलायची भाषा. त्याच आकाराची पट्टी साटाचीही निघते. फरक काय तो एखाद्या खाचेचा, तोही नखाएवढा. खोक्यावर ३५०० केवढं ठळक, आणि त्यापुढचं "पर्यंत" मुंगीच्या अक्षरात! बरं, हा वेग मोठी फाइल सलग वाचतानाचा. लॅपटॉप उठताना लागतात त्या चिल्लर फाइली, आणि तिथं साधी साटासुद्धा तबकडीला कुठल्या कुठे मागं टाकते. हे कोणी आधी सांगत नाही. पट्टी परत करायला गेलो तर पाकीट फोडलंय म्हणून घेईनात. न फोडता बसवून कशी बघायची?

शेवटी अडीच इंची साटा आणली. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड, ही सात. खुळखुळायला लागली म्हणून पुठ्ठा चिकटवला. आता वीस सेकंदांत लॅपटॉप सुरू. आंघोळ राहते.

काल साडूंनी तो वेग पाहिला. "बघा! एसएसडी टाका म्हटलं होतं की नाही?" मग ड्रॉवरमधल्या पट्टीवर नजर गेली. "ही तुमच्या काय कामाची? मी नवीन लॅपटॉप घेतलाय, त्यात एक स्लॉट रिकामा आहे."

"रिकामा आहे हे कसं कळलं?"

"उघडून बघितलं ना," साडू म्हणाले. "आधी बघायला नको?"