सिगार लोणच्यासारखा मुरत नाही

गेल्या उन्हाळ्यापासून एकच संदेश मला सोलापुरातल्या चार जणांनी पाठवला. आखातातून येणारा भाऊ नाहीतर मेहुणा सिगारचा डबा घेऊन येतो, डबा घरात आला की तो ठेवायचा कसा हा प्रश्न पडतो, आणि तयार उत्तर म्हणून हा संदेश पुढे सरकवला जातो. मजकूर थोडक्यात असा: 'सिगार लोणच्यासारखा मुरतो, जितका जुना तितका उत्तम. आणल्यावर तीन महिने हात लावू नका. वरचं चकचकीत वेष्टण लगेच काढा, नाहीतर सिगार गुदमरतो. सोलापूरसारख्या गरम गावात फ्रिज हीच योग्य जागा. ओलाव्यासाठी डब्यात बटाट्याची फोड किंवा ओला कापूस ठेवा. पांढरे ठिपके दिसले तर आनंद माना, आतलं तेल वर आलंय. वाळला तर वाफ द्या. आणि मुरलेल्या सिगारमधलं निकोटिन उडून जातं, त्यामुळे तो बाधत नाही.'

यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि शेवटची तर घातक आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी हा संदेश वाचून मे महिन्यात 25 सिगार फ्रिजमध्ये ठेवले आणि दीड महिन्यानं माझ्याकडे आणून दाखवले. वरचं पान पापडासारखं तडकलेलं, आणि वास लसणाचा.

माझ्याकडेच का आणले, तर पान मला घरातून ठाऊक आहे म्हणून. माझी अम्मा चाळीस वर्षं विड्या वळत होती. आमच्या पूर्व भागात तेव्हा घराघरात बायकांच्या मांडीवर सूप असायचं. 2006 साली सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, यावरून या शहरात किती हातांनी हे काम केलं ते कळावं. अम्मा रात्री तेंदूची पानं भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची आणि सकाळी पत्र्याच्या साच्यावर कातरायची. एप्रिलच्या दुपारी कातरलेलं पान अर्ध्या तासात कडक व्हायचं, म्हणून सुपावर ओलं फडकं असायचं. पावसाळ्यात तीच पानं उरली तर दोन दिवसांत बुरशी धरायची. पान हवेतलं पाणी घेतं आणि हवेला परत देतं, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सिगारचं पान तेंदूचं नसून तंबाखूचंच असतं, पण पाण्याशी त्याचं नातं तसंच आहे.

आता लोणच्याचं. लोणच्यात मीठ-खार फोडीत शिरायला वेळ लागतो, तो वेळ बरणीतच द्यावा लागतो. सिगारचं मुरणं मात्र बहुतेक वळण्याआधीच उरकलेलं असतं. तोडलेली पानं आधी वाळवतात, मग दमट करून त्यांचे मोठे ढीग रचतात. ढिगाचं पोट आपोआप तापतं, पानातला अमोनिया बाहेर पडतो. ताप वाढला की ढीग मोडतात आणि वरची पानं खाली घालून पुन्हा रचतात. सिगार वळल्यावर कारखान्यात त्याला देवदारी लाकडाच्या खोलीत आणखी काही काळ ठेवतात. म्हणजे दुकानातून तुमच्या हातात येतो तो कच्चा माल नसतो. पुढे वर्षानुवर्षं ठेवला तर चव बदलत राहते हे खरं. कडक सिगारचा तिखटपणा उतरतो, हे काहींना आवडतं. पण मुळात सौम्य असलेल्या सिगारचा सुगंधही त्याच वाटेनं जातो आणि मागे नुसता धूर उरतो.

मग घरी आणल्यावर विश्रांती हवी की नको? हवी, पण कारण वेगळं आहे. पार्सल मुंबईहून उन्हाळ्यात ट्रकनं येतं, किंवा विमानातल्या कोरड्या थंडीतून. वरचं पान पातळ असतं, ते लगेच वाळतं किंवा ओलावतं. आतली लांब घड्या घातलेली पानं सावकाश. त्यामुळे आलेल्या दिवशी बाहेर एक ओलावा असतो आणि आत दुसरा. असा सिगार पेटवला की एका बाजूनं भराभर जळतो, दुसरी बाजू मागे राहते. दोन्ही ओलावे सारखे होईपर्यंत थांबणं हीच ती विश्रांती. बारीक सिगारला आठवडा-दहा दिवस, जाड्याला तीन-चार आठवडे. सिगारची जाडी इंचाच्या 64 व्या भागात मोजतात. 50 चा सिगार म्हणजे जवळजवळ 20 मिलिमीटर व्यासाचा, त्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागणारच. सरसकट तीन महिन्यांचा आकडा कुठून आला मला कळत नाही. आणि जागा चुकीची असेल तर त्या तीन महिन्यांत सिगार सुधारत नाही, रोज थोडा थोडा मरतो. नाकाशी धरल्यावर अमोनियाचा झणका आलाच तर तो सिगार अजून कोवळा आहे, त्याला मात्र काही महिने द्यावेत.

वेष्टणाबद्दल फार बोलायला नको. ते सेलोफेन असतं, लाकडाच्या लगद्यापासून बनवलेलं, आणि त्यातून पाण्याची वाफ आरपार जाते. ठेवा किंवा काढा. ठेवलं तर हाताळताना वरचं पान फाटत नाही.

खरा घोळ फ्रिजचा आहे. आपलं ऊन 43-44 अंशांवर जातं, तेव्हा 'गार जागा' म्हटलं की फ्रिज आठवणं साहजिक आहे. पण फ्रिजमधली थंडी कोरडी असते. हवेतलं पाणी आतल्या थंड नळ्यांवर जमून वाहून जातं. झाकण न लावलेली कोथिंबीर फ्रिजमध्ये दोन दिवसांत मान टाकते, हे प्रत्येक घरात पाहिलेलं आहे. सिगारचंही तेच होतं. शिवाय तंबाखूचं पान शेजारच्या भांड्यातला वास ओढून घेतं. लसणाची चटणी, कालची आमटी, सगळं त्यात उतरतं. आणि बाहेर काढल्यावर थंड पानावर दव धरतं ते वेगळंच: आत कोरडा, बाहेर ओला, म्हणजे तडकायची पूर्ण तयारी.

गारव्याची गरज मात्र खरी आहे, आणि तिचं कारण संदेशात आलेलंच नाही. ते कारण म्हणजे भुंगेरा. हळदीच्या किंवा मिरचीच्या डब्यात दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस तपकिरी किडा कधी दिसला असेल. साठवलेल्या हळदीला तो नेहमीच त्रास देतो. तोच तंबाखूलाही लागतो. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. अंडी पानात गोदामापासून येतात, डोळ्याला दिसत नाहीत. गारव्यात ती निपचित पडून राहतात, पण पारा 25 च्या वर रेंगाळला की उबण्याचा धोका वाढत जातो, आणि 30-32 अंश उष्णता व 70 टक्के आर्द्रता हे तर त्या किड्याचं माहेर. म्हणजे परदेशी पुस्तकातला, सिगारसाठी सांगितलेला '70 टक्के' आर्द्रतेचा आकडा जसाच्या तसा उचलून आपण मे महिन्यात 33 अंशांच्या खोलीत पाळला, तर सिगारसाठी म्हणून केलेली सोय किड्याच्या कामी येते. एका सिगारमधून टाचणीएवढं भोक पाडून तो शेजारच्यात शिरतो, आणि डब्याच्या तळाशी बारीक भुगा साठतो.

यावर उपाय आहे आणि तो फ्रिजच्या वरच्या कप्प्यात आहे. सिगार दोन जाड पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करायचे आणि उणे 18-20 अंशांवर तीन-चार दिवस ठेवायचे. त्यानं अंडी आणि अळ्या मरतात. मग त्याच बंद पिशवीत एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, नंतर एक दिवस खोलीत, आणि पिशवी त्यानंतरच उघडायची. घाईनं उघडली तर दव धरून पान फुटतं. क्यूबाचे सिगार निर्यातीपूर्वी असेच गोठवले जातात, पण वाटेत कुठल्या गोदामात काय लागलं हे आपल्याला सांगता येत नाही, म्हणून मी आलेला प्रत्येक डबा गोठवतो. फ्रिजला एवढंच काम, चार-पाच दिवसांचं.

बटाट्याची फोड, सफरचंदाची साल, ओला कापूस या तिन्हींमध्ये एकच खोट आहे: पाणी देत राहायचं एवढंच त्यांना येतं, थांबायचं येत नाही. बंद डब्यात ओला कापूस ठेवला की आर्द्रता 90 च्या वर जाते, आतली पानं फुगतात, वरचं पान उसवतं. बटाटा तर स्वतःच कुजतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या पुड्या मिळतात. त्यांच्यात क्षाराचं संपृक्त द्रावण असतं. हवा कोरडी झाली की पुडी पाणी सोडते, दमट झाली की ओढून घेते. पुडी किती टक्के आर्द्रता राखते तो आकडा तिच्यावर छापलेला असतो: 62, 65, 69, 72. सोलापूरसाठी माझं मत 65, आणि एप्रिल-मेसाठी 62. आपल्याकडे हा दुहेरीपणा फार महत्त्वाचा आहे, कारण मेच्या दुपारी माझ्या यंत्रावर खोलीची आर्द्रता 20-25 दाखवते आणि सप्टेंबरच्या पावसात तीच 80 च्या पुढे जाते. आपली कडक भाकरीही महिनोन् महिने कुरकुरीत राहते आणि पावसाळ्यात डबा उघडा राहिला की मऊ पडते, तसंच. ज्यांच्याकडे सिगारच्या लाकडी पेटीत ओलाव्यासाठीचा स्पंज आहे त्यांनी त्यात ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणीच घालावं. नळाचं पाणी घातलं की त्यातले क्षार साठून स्पंज दगड होतो.

आर्द्रता मोजायचं यंत्रही डोळे मिटून खरं मानू नये, स्वस्तातलं यंत्र पाच टक्के इकडेतिकडे सहज असतं. ते घरच्या मिठानं तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यात पाण्याचे थोडेच थेंब टाकायचे, म्हणजे मीठ ओलं होईल पण विरघळणार नाही. झाकण आणि यंत्र एका बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा 75 असायला हवा. 71 दाखवत असेल तर यंत्र चार टक्के कमी दाखवतंय, पुढे तेवढे मिळवून वाचायचं. मला ही युक्ती फार आवडते. संपृक्त मिठाच्या पाण्यावरची हवा 75 टक्क्यांवरच थांबते, हा निसर्गाचा नियम आपल्या स्वयंपाकघरात बसून पडताळता येतो.

पेटीचंही सांगून टाकतो. सिगारच्या पेट्यांना वापरतात ते 'स्पॅनिश सीडर' नावाचं लाकूड खरं देवदार नव्हेच, ते सेड्रेला ओडोराटा, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. वर मी 'देवदारी' म्हटलं ते बाजारातल्या बोलीनं. आपल्याकडचं तून हे त्याचं जवळचं भावंड, सिगारच्या पेट्यांना तेही वापरलं गेलं आहे. पण पेटी नसेल तर हवाबंद प्लास्टिकचा डबा, एक पुडी आणि तपासलेलं यंत्र एवढ्यावर उत्तम भागतं. डबा थर्माकोलच्या खोक्यात घालून घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. जुन्या माळवदाच्या घरात मधली खोली यासाठी सोन्यासारखी. जाड मातीच्या छपराखाली दिवस-रात्रीचा फरक फारसा पोचत नाही. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर, गच्चीखाली तर मुळीच नको.

पांढऱ्या ठिपक्यांवर आनंद मानणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ती बुरशी आहे. तेलाचे स्फटिक वर येतात असं सिगारवाले पिढ्यान् पिढ्या सांगत आले, पण मी पाहिलेला प्रत्येक पांढरा ठिपका बुरशीचाच निघाला. केसाळ असेल, हिरवट-निळसर असेल, कुबट वास येत असेल तर शंकाच नको. पेटवायच्या टोकाच्या आत बुरशी दिसली तर सिगार फेकून द्या, कारण मग ती गाभ्यात गेलेली असते. अम्मा बुरशीची झाक असलेलं एक पानही सुपात ठेवत नसे.

वाफ देण्याचा उपाय तर वाळलेल्या सिगारला पुरता संपवतो. वरचं पान क्षणात फुगतं, आतलं कोरडंच राहतं, आणि पान उभं फाटतं. वाळलेला सिगार परत आणायचा तर आठवडे लागतात: आधी 62 ची पुडी, पंधरा दिवसांनी 65 ची. तरीही उडून गेलेलं सुगंधी तेल परत येत नाही. त्या गृहस्थांच्या 25 पैकी 9 सिगार असे धड झाले, बाकीचे गेले. त्या नवांचाही लसणाचा वास पूर्ण गेला नाही.

राहता राहिली शेवटची ओळ. ठेवल्यानं निकोटिन उडून जात नाही. अमोनिया उतरतो, घशाला झोंबणं कमी होतं, आणि तेवढ्यावरून माणसाला वाटतं की विष कमी झालं. तंबाखूतली कर्करोग घडवणारी नायट्रोसामाइन ही द्रव्यं पान वाळवताना आणि आंबवतानाच तयार होतात; डब्यात ठेवून ती निघून जात नाहीत. एका सिगारेटमध्ये ग्रॅमभरही तंबाखू नसतो, मोठ्या सिगारमध्ये 5 ते 20 ग्रॅम असतो. धूर छातीत घेतला नाही तरी सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातं, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग त्या वाटेवर आहे. मी स्वतः वर्षातून तीन-चार सिगार ओढतो, हे सगळं माहीत असून ओढतो, पण ते निरुपद्रवी आहे असं कुणालाही सांगत नाही. अम्मानं आयुष्यात एकही विडी ओढली नाही. नुसत्या जर्द्याच्या धुळीनं तिला लागलेला खोकला तिच्या शेवटच्या वर्षापर्यंत गेला नाही; रात्री गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा.

हा संदेश पुढे पाठवायचाच असेल, तर निदान ती शेवटची ओळ खोडून पाठवा.