माघारी फिरणाऱ्या वैमानिकाच्या बाजूने

छोटे प्रवासी विमान डोंगरावर आदळले की पहिल्याच बातमीत ‘दाट धुक्यामुळे अपघात’ असे छापून येते आणि बहुतेकांच्या लेखी विषय तिथेच संपतो. या शब्दांना माझा आक्षेप आहे. अशा बहुतेक अपघातांत विमान अखेरच्या क्षणापर्यंत धडधाकट असते, इंजिने व्यवस्थित चालू असतात आणि समोरचे काही दिसत नसताना पुढे जाण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो.

नेपाळमधील पोखरा ते जोमसोम हा मार्ग पाहा. धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातून ट्विन ऑटर विमाने जातात, तीही वैमानिकाने बाहेरचे डोंगर डोळ्यांनी पाहत उडायचे या नियमावर. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी या मार्गावरचे विमान कोसळले आणि त्यातील सर्व २३ जण गेले. हवामान प्रतिकूल असूनही वारंवार ढगात शिरण्याचा निर्णय घेतला गेला, असे चौकशीत निष्पन्न झाले. २९ मे २०२२ रोजी त्याच मार्गावर, त्याच कंपनीच्या विमानातील २२ जण मृत्युमुखी पडले आणि या वेळी डोंगर जवळ आल्याची सूचना देणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती, असे चौकशी अहवालात नमूद आहे. सहा वर्षांपूर्वीच्या २३ मृत्यूंमधून काय शिकलो, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

ढगात शिरल्यावर नेमके काय होते, हे आपण प्रवाशांनीही समजून घेतले पाहिजे. काचेबाहेर सगळीकडे सारखाच पांढरा पडदा असतो. आकाश कुठे संपले आणि जमीन कुठे सुरू झाली, हे कळायला काहीच खूण उरत नाही. तोल सांभाळण्यासाठी आपल्या कानाच्या आत जो द्रव असतो, तो विमानाच्या संथ वळणाबरोबर हळूहळू फिरू लागतो आणि थोड्याच वेळात वळत असलेले विमान सरळ चालल्यासारखे वाटू लागते. त्या क्षणी यंत्रांवर, विशेषतः कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या तबकडीवर, स्वतःच्या शरीरापेक्षा अधिक विश्वास ठेवावा लागतो आणि ते अतिशय कठीण असते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली यंत्रांच्या आधारे उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली, तेव्हा बाहेरचे दिसेनासे झाल्यापासून विमानावरचा ताबा सुटेपर्यंत सरासरी १७८ सेकंद लागले होते. म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत! प्रशिक्षित वैमानिक यातून निभावून नेतो हे खरे, पण दरीत शिरलेल्या विमानाला यंत्रे सरळ ठेवू शकली तरी समोरचा कडा बाजूला सरत नाही.

नेपाळमधल्याच लुक्ला या डोंगरी विमानतळावर तर चूक सुधारायलाही जागा नाही. धावपट्टी अवघी ५२७ मीटर, एका टोकाला दरी आणि दुसऱ्या टोकाला डोंगर. ८ ऑक्टोबर २००८ रोजी ढगांनी झाकलेल्या त्या धावपट्टीच्या अलीकडेच विमान आदळले आणि १९ पैकी फक्त कॅप्टन वाचला.

पुढे जाण्याच्या या निर्णयामागे वैमानिक एकटा नसतो, असे माझे ठाम मत आहे. रखडलेल्या फेऱ्या असतात, कंपनीचा हिशेब असतो आणि खोळंबलेले आपण असतो. एकदा खराब हवेमुळे आमचे छोटे विमान अर्ध्या वाटेवरून परत आले. खाली उतरल्यावर एका गृहस्थांनी वैमानिकाला सर्वांदेखत सुनावले, ‘‘दुसरे जातात, मग तुम्हालाच काय झाले?’’ वैमानिकाने शांतपणे सांगितले, ‘‘मला पुढची खिंड दिसत नव्हती.’’ त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली होती. आम्ही सगळे पैसे परत मिळवण्याच्या रांगेकडे वळलो आणि त्याचे आभार मानायला त्या दिवशी एकही जण थांबला नाही, मीसुद्धा नाही.