अरे ती चुटकी बंद करा आधी

आज परत. सकाळी सातला मामाने पाठवलेला संमोहनाचा व्हिडिओ. स्टुडिओत एक धडधाकट माणूस उभा आहे, काळा कोट घातलेला दुसरा माणूस त्याच्या कपाळाला हात लावतो, चुटकी वाजवून झोप म्हणतो आणि हा गडी धाडकन मान टाकतो, पुढच्या मिनिटाला झाडूला बायको समजून तिची समजूत काढत बसलाय. खाली मामाने लिहिलंय, "तुझी ट्रीटमेंट अशीच असते का गं?" आणि पाच हसणारे चेहरे. त्याखाली वहिनीचे सात.

आता हे का येतंय तर माझी चूक झाली. मला आयबीएस आहे, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, पोटाचं जुनं दुखणं, म्हणजे सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पोट सोडून बाकी सगळं पण नॉर्मल, कुठेही जायचं म्हटलं की पहिला प्रश्न तिथे टॉयलेट कुठंय. औषधं झाली, पथ्यं झाली, शेवटी डॉक्टर म्हणाले संमोहनाचे सेशन करून बघा, पोटासाठी वेगळी पद्धत असते. मी ते जेवताना घरी सांगितलं. सांगायलाच नको होतं!! मामा जेवायला आलेला, हातातला घास तसाच ठेवून म्हणाला, "म्हणजे आता तू कोंबडीसारखी ओरडणार?" आणि सगळं घर हसून गडबडा लोळलं. आई हसली नाही, ती घाबरली, ते जास्त वाईट. तिला वाटलं कोणीतरी माझ्या डोक्याचा ताबा घेणार, मी झोपेत बँकेचा पिन सांगून बसणार.

हे सगळं ज्ञान कुठून आलं? त्या गेम शोंच्या तुकड्यांमधून. तिथूनच.

ब्रिटनमध्ये आयटीव्ही या चॅनेलवर 2015 ला यू आर बॅक इन द रूम नावाचा शो आला होता, किथ बॅरी हा आयरिश हिप्नॉटिस्ट, म्हणजे संमोहन करणारा, आणि फिलिप स्कोफिल्ड अँकर. त्याचे दोन सीझन झाले, 2016 ला ऑस्ट्रेलियात त्याचीच आवृत्ती निघाली, 2019 ला अमेरिकेत हिप्नोटाइझ मी नावाने तोच बॅरी परत. कल्पना अशी की स्पर्धकांनी साधी सोपी कामं करून पैसे जिंकायचे, पण आधी त्यांच्या डोक्यात अशा सूचना घातलेल्या की काम होऊच नये. मग ते गोंधळतात, पैसे हातचे जातात, आपण हसतो, आणि शेवटी तुम्ही खोलीत परत आलात असं म्हटलं की ते भानावर येतात.

मामाचं ठरलेलं लॉजिक ऐका. "पैसे जातायत तरी करतोय, म्हणजे खरंच वश झालाय ना?" अरे पण तिथे पैसा ही एकच गोष्ट पणाला लागलीय का? तू टीव्हीवर आहेस, दिवे, प्रेक्षक, सगळं घर तुला बघणार, आणि तू जर नुसता उभा राहून म्हणालास की मला काहीच झालं नाही बुवा, तर तुला एडिटमध्ये किती सेकंद मिळतील? शून्य. झाडूशी बोललास तर क्लिप जगभर फिरते, सकाळी सातला माझ्या फोनवर सुद्धा येते.

आणि दुसरी पार्टी असते ती माझ्या दादाची. "सगळे ॲक्टर आहेत गं, पैसे देऊन आणलेले." ब्रिटनमध्येही तो शो लागला तेव्हा लोकांनी अगदी हेच म्हणून गोंधळ घातला होता आणि चॅनेलने नाही म्हणून सांगितलं होतं. मग रविवारी आमच्याकडे दोन तास तोच वाद, मामा म्हणतो जादू, दादा म्हणतो नाटक, आणि मी मध्ये काही बोलायला गेले की दोघं मिळून म्हणतात तुला काय कळतंय, तू पेशंट आहेस. वा! मला कळत नाही कारण मी ते प्रत्यक्ष करते, यांना कळतं कारण यांनी दीड मिनिटाची क्लिप बघितलीय.

मला जे सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते म्हणजे ती चुटकी. घरी बसून बघणाऱ्याला वाटतं चुटकी वाजली की माणूस झोपला, कोणीही, कुठेही, रस्त्यात सुद्धा. पण तुम्हाला चुटकीच दिसते कारण त्याच्या आधीचं काही दाखवलेलंच नसतं!! ब्रिटनमध्ये तर टीव्हीवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की हिप्नॉटिस्टने संमोहनाची पूर्ण बोलणी प्रसारित करायची नाहीत आणि थेट कॅमेऱ्यात बघून प्रयोग करायचा नाही, घरी बघणाऱ्यांना त्रास नको म्हणून. बीबीसीने 1946 लाच पीटर कॅसन नावाच्या स्टेजवाल्याला बोलावून आपल्याच स्टाफवर चाचणी घेतली होती, टीव्हीसमोर बसलेल्या काही जणांना खरंच गुंगी आली, मग त्यांनी हे दाखवायलाच नको म्हणून ठरवलं. ठीक आहे, काळजी बरोबर. पण परिणाम काय झाला, तो कंटाळवाणा भाग कापला गेला, ते संथ आवाजात मोजणं, श्वास, पापण्या जड होतायत वगैरे, आणि आपल्या वाट्याला आली फक्त चुटकी. सुरक्षिततेचा नियम आणि त्यातूनच तयार झालेला सगळ्यात मोठा गैरसमज.

आणि निवड! निवड कोणीच दाखवत नाही. 1959 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड या मानसशास्त्रज्ञांनी कोण किती संमोहित होतो ते मोजायला बारा सूचनांची एक मोजपट्टी बनवली, हात आपोआप खाली येतो का, डोळे मिटले की उघडता येत नाहीत असं वाटतं का, असल्या. त्यात दिसतं काय तर ढोबळ मानाने दहापैकी एखादा माणूस फार सहज संमोहित होतो, एखाद्याला जवळपास काहीच होत नाही, आणि बाकी आपण सगळे मध्ये कुठेतरी लटकलेले. स्टेजवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही, ते आधी सगळ्या प्रेक्षकांना हात घट्ट गुंफायला लावतात, ज्याचे सुटत नाहीत तो स्टेजवर, त्यातूनही जे हळूहळू बोअर होतात त्यांना हळूच खाली पाठवायचं. म्हणजे तुम्ही जे बघताय ते गाळून गाळून उरलेले लोक आहेत. गल्लीतल्या सगळ्यांमधून उंच पोरं निवडून बास्केटबॉल खेळायला लावायची आणि मग म्हणायचं बघा बॉल हातात दिला की माणूस उंच होतो.

बरं, उरलेले ते लोक खोटं करतात का? तेही नाही, हेच तर मी घसा कोरडा करून सांगतेय. मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स या संशोधकांचा 1965 चा प्रयोग आहे, संमोहित माणसांना सांगितलं विषारी साप उचला, ॲसिडमधून नाणं काढा, ते ॲसिड समोरच्याच्या तोंडावर फेका. 6 पैकी 5 जणांनी केलं. बापरे ना? थांबा, दुसऱ्या गटाला सांगितलेलं की संमोहित झाल्याचं फक्त सोंग करा, त्यांच्यातल्या 6 च्या 6 जणांनी केलं. सापासमोर न दिसणारी काच होती, बाकीचीही काळजी घेतलेली, आणि लोकांना आतून माहीत होतं की हा प्रयोग आहे, हे शास्त्रज्ञ आहेत, हे आपल्याला मरू देणार नाहीत. टीव्हीच्या स्टुडिओत याहून वेगळं काय असतं सांगा. फॉर्म भरलेला, कॉलरला माईक लावलेला, शेजारी लाडका अँकर, आणि डोक्यात एक परवानगी की आता काहीही केलं तरी मी केलं नाही, त्याने करवलं. त्या माणसाला खरोखर वाटत असतं की हात आपोआप उचलला गेला, तो अनुभव खोटा नाही. पण ताबा बिबा कुणी घेतलेला नाही. मामा नाही म्हणतो, दादा पण नाही म्हणतो, दोघांनाही हे मधलं उत्तर नकोय कारण त्यात मजा नाही.

एक कबूल करते, रागात असले तरी. ही भानगड डॉक्टरांकडे मुळात स्टेजवरूनच आली. 1841 मध्ये मँचेस्टरला लाफोंतेन नावाच्या फ्रेंच माणसाचा शो बघायला जेम्स ब्रेड हा सर्जन गेला, हे सगळं थोतांड आहे म्हणून सिद्ध करायला, आणि तिथून विचारात पडून परत आला, पुढे हिप्नॉटिझम हा शब्द त्याच्यामुळेच रूढ झाला. तिकडे हुगळीत जेम्स एस्डेल 1845 पासून मेस्मेरिझम, म्हणजे संमोहनाचाच जुना अवतार, वापरून मोठाल्या गाठी कापत होता, तेव्हा भूल द्यायचं इथर अजून आलंच नव्हतं. म्हणजे तमाशातून काही चांगलं निघू शकतं, हे मला मान्य. पण तेव्हा तमाशा बघून माणूस विचार करायला घरी गेला होता, आमच्याकडे तो बघून माणूस फॉरवर्ड करतो.

आणि तो मँचेस्टर योगायोगाने परत येतो बघा, 1984 ला तिथल्याच व्होरवेल या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आयबीएसच्या 30 पेशंटवरचा अभ्यास छापला, बाकी उपाय थकलेले लोक, संमोहनवाल्यांना खूप जास्त फरक पडला. आज ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेच्या गाइडलाइनमध्ये सुद्धा आहे की 12 महिने औषधं घेऊन फरक नसेल तर संमोहनाचा विचार करा. हे मी आईला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण मग तुला परत आणता येतं ना गं?" परत!! कुठून परत, आई, मी खुर्चीतच असते, मला बाहेरचा हॉर्न ऐकू येतो, मध्येच नाक खाजलं तर मी खाजवते, सेशन घेणाऱ्या बाई म्हणतात पोटावर हात ठेवा, हात गरम होतोय, आतलं सगळं संथ नदीसारखं चाललंय, बस. यावर कुणी शो काढला तर पहिल्या ब्रेकच्या आधी चॅनेल बंद पडेल.

त्या बाईंनी रोज ऐकायला रेकॉर्डिंग दिलंय, रात्री वीस मिनिटं. काल दार लावून, हेडफोन घालून पडले होते, नुकता हात गरम व्हायला लागलेला, तेवढ्यात दार किलकिलं झालं, दादाचा पोरगा डोकं आत घालून कानाशी येऊन चुटकी वाजवतो आणि ओरडतो, "झोप!" मी ताडकन उठून त्याला जे काही झापलंय ना, की पलीकडच्या खोलीतून मामाचा आवाज आला, "अरे जागी आहे ती, मग ओरडणं चालू कसं झालं?"