तीन घरं, चोवीस लाख आणि टॅक्स भरणारा एकच

इन्कम टॅक्सबद्दल कुरकुर केली की ठरलेलं उत्तर येतं, "बारा लाखांपर्यंत माफ केलाय ना, अजून काय पाहिजे?" केलाय, मान्य. माझं भांडण टॅक्स किती आहे यावर नाहीच. तो कोणाकडून घेतात, यावर आहे.

एकाच मजल्यावरची तीन घरं घ्या. तिन्ही घरांत वर्षाला २४ लाख येतात. २०२५-२६ चे न्यू रिजीमचे, म्हणजे सवलती कमी आणि दर कमी अशा नव्या पद्धतीचे दर लावू.

पहिल्या घरात नवरा-बायको दोघंही नोकरीला, प्रत्येकी १२ लाख. टॅक्स शून्य.

दुसऱ्या घरात घरूनच काम करणारा टेक्निकल कन्सल्टंट. इन्कम टॅक्सच्या ४४एडीए कलमाखाली मिळालेल्या पैशांतली निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली की झालं, उरलेली निम्मी खर्च धरतात. म्हणजे १२ लाख. टॅक्स शून्य. हिशेबाच्या वह्याही ठेवायच्या नाहीत.

तिसऱ्या घरात कमावणारा एकटा, पगार २४ लाख. त्याला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट होणारी वजावट. ती धरूनही सेससकट (सेस म्हणजे टॅक्सवरचा जादा कर) टॅक्स २ लाख ९२ हजार ५०० रुपये.

तिसरं घर माझ्यासारख्यांचं. (आकडा हिशेबाला सोपा म्हणून घेतलाय, माझा नाही. उसने मागायला येऊ नका.)

कन्सल्टंटवर माझा राग नाही. त्याला पीएफ नाही, पगारी रजा नाही, क्लायंट पेमेंट अडकवून ठेवतात ते वेगळंच. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला तर भाडं, कंपाउंडरचा पगार, सगळंच आलं. खर्च वजा व्हायलाच हवा. पण नोकरी करायला काहीच खर्च येत नाही, हे कोणी ठरवलं? ऑफिसच्या जवळ राहायचं म्हणून दिलेलं जास्तीचं भाडं, रोजचं पेट्रोल, पोरांचं पाळणाघर, नोकरी टिकावी म्हणून स्वतःच्या पैशांनी केलेले कोर्स. या सगळ्याला मिळून ७५ हजार. पगार ८ लाख असो की ४०. तिकडे मात्र सरळ पन्नास टक्के.

आणि हे डिडक्शन तरी कसं मिळालं ते आठवा. २००५ च्या बजेटमध्ये काढून टाकलं होतं. २०१८ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी ४० हजारांचं परत आणलं, नोकरदार खूश. पण त्याच बजेटने १९,२०० चा ट्रान्सपोर्ट अलाउन्स आणि १५ हजारांची मेडिकलची सूट काढून घेतली. वजाबाकी करा, ५,८०० उरतात. तेही उत्पन्नातून वजा होणारे, टॅक्समधून नाही. वर सेस ३ चा ४ टक्के झाला तो त्याच वर्षी.

आता शेतीचं कोणीतरी काढेलच. खऱ्या शेतकऱ्याला टॅक्स लावला तरी तो त्या मर्यादेपर्यंत पोचतो किती वेळा? कागदावर द्राक्षं पिकवणाऱ्यांना मात्र जरूर धरा. असो.

मला जास्त खटकतं ते घराचं. आपल्या कायद्याला कुटुंब माहीतच नाही असं नाही. हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजे सीए लोकांचं एचयूएफ, हा वेगळा करदाता आहे, त्याचं पॅन कार्डसुद्धा वेगळं. वडिलोपार्जित मालमत्तेचं भाडं तिथे दाखवता येतं. पगार नाही. म्हणजे वाडा असलेल्याचं कुटुंब कायद्याला दिसतं, फ्लॅटच्या हप्त्यावाल्याचं दिसत नाही.

अमेरिकेत, जर्मनीत नवरा-बायको एकत्र रिटर्न भरू शकतात. आपल्या सीएंच्या संस्थेनेही २०२५ च्या बजेटआधी हाच पर्याय सुचवला होता. यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही: असं केलं तर बायकांनी घरी बसण्याचाच फायदा होईल. जर्मनीत ही टीका होतेच. पण मग पाळणाघर, वृद्धांची देखभाल यांचा खर्च वजा करायला द्या, तोही नाही. न्यू रिजीममध्ये तर आईवडिलांच्या मेडिक्लेमची सूटसुद्धा गेली.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमं ८१९ वरून ५३६ झाली. छान. त्यात एकत्र रिटर्नचं एकही नाही.

"बायकोला नोकरीला लाव" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांना आधीच सांगतो. ती होती नोकरीला. माझ्या वडिलांना पॅरालिसिस झाला म्हणून तिने सोडली. तिच्या जागी नर्स ठेवली असती तर पगार द्यावा लागला असता, आणि तोही टॅक्स भरून उरलेल्या पैशांतूनच.